परदेशगमन आणि बाबासाहेबांची जगाकडे पाहण्याची दृष्टी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व पुढे लंडनला शिकले. पाश्चात्त्य विद्येचे ऋण त्यांनी मानले, परंतु त्या सत्तेचे मिंधे ते झाले नाहीत. १९३० च्या गोलमेज परिषदेत इंग्रजांच्याच राजधानीत त्यांनी जनतेचे राज्य मागितले.

१९५० साली ते सिंहलद्वीपास बौद्ध परिषदेला गेले. पूर्वेकडील बौद्ध देशांविषयी त्यांना आत्मीयता होती. तरीही आशियाई म्हणून चीनवर त्यांनी भाबडा विश्वास ठेवला नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेटवरील चीनच्या वर्चस्वाला भारताने दिलेल्या मान्यतेवर कठोर टीका केली. त्याच डिसेंबरात ते रंगूनच्या परिषदेस गेले आणि तेथून आलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या देहूरोडला प्रतिष्ठापित केली.

आज पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून आपली मुले जर्मनी, जपानला जातात. त्यांनी तेथील गुण घ्यावेत, परंतु कोणत्याही राष्ट्राला स्वातंत्र्य आणि समतेच्या कसोटीवरच पारखावे, हीच बाबासाहेबांची शिकवण आम्ही मानतो.