टेस्लाची मोटर आणि परदेशात अडणारा मिक्सर

टेस्ला म्हटलं की आता आधी गाडी आठवते. पण ज्याच्या नावावरून त्या कंपनीचं नाव पडलं, तो निकोला टेस्ला तरुणपणी डोक्यात एक मोटर घेऊन देशोदेशी फिरत होता आणि कुठलीच वीज तिला धड जुळत नव्हती. तुम्ही शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघाला असाल आणि बॅगेत मिक्सर, ड्रिल, नाहीतर थेट घरघंटी टाकायचा विचार असेल, तर त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे. पिना जुळवायला बाजारात शंभर-दोनशे रुपयांत ॲडॉप्टर मिळतो. घोळ त्याच्या पुढे असतो.

ठिणग्यांवरून सुरुवात

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. ते आज क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. घर सर्बियन, वडील चर्चमध्ये धर्मगुरू, आई शाळेत न गेलेली पण घरातली अवजारं स्वतः बनवणारी. मुलानेही धर्मगुरू व्हावं ही वडिलांची इच्छा होती. शाळा संपल्यावर टेस्लाला कॉलऱ्याने गाठलं. पोरगं हातचं जातंय असं दिसल्यावर वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला पाठवायचं कबूल केलं. तो वाचला आणि १८७५ मध्ये ग्राझच्या कॉलेजात दाखल झाला.

तिथे प्राध्यापकांनी वर्गात एक डीसी मशीन चालवून दाखवलं. त्याच्या फिरत्या भागावर ब्रश घासत होते आणि तिथून सारख्या ठिणग्या उडत होत्या. हे ब्रश काढूनच टाकता येतील असं टेस्लाला वाटलं. ते शक्य नाही, हे प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर समजावून सांगितलं. पोराच्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही.

या ठिणग्या तुम्हीही पाहिल्या असतील. चटणी वाटताना मिक्सरच्या खालच्या फटींतून निळसर चमक दिसते आणि एक विशिष्ट वास येतो, तेच ते. मिक्सरमध्ये आणि वायरवाल्या ड्रिलमध्ये सहसा आजही कार्बनचे ब्रश असतात, झिजले की दुरुस्तीवाला बदलून देतो. साधा पंखा, पाण्याचा पंप, घरघंटी यांच्यात ब्रश नसतात. त्यांची मोटर टेस्लाच्या जातीची, म्हणजे इंडक्शन मोटर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्राझची डिग्री त्याला मिळालीच नाही. जुगाराचा नाद लागला आणि परीक्षा राहून गेल्या. पुढे तो बुडापेस्टला टेलिफोनच्या कामावर लागला. तिथे १८८२ मध्ये मित्राबरोबर बागेत फिरताना त्याला उत्तर सुचलं आणि त्याने काठीने मातीत आकृती काढली, असं तो नंतर सांगायचा.

कल्पना अशी की एसी प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेकदा उलटते. असे दोन प्रवाह घ्यायचे, एकाची लाट दुसऱ्याच्या थोडी मागे ठेवायची, आणि ते गोलात मांडलेल्या स्थिर कॉइल्समध्ये सोडायचे. कॉइल्स जागच्या हलत नाहीत, पण त्यांचं चुंबकीय क्षेत्र गरगर फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जाऊन फिरायला लागतो. रोटरला वायर जोडायची गरज नाही, म्हणून ब्रश नाही आणि ठिणगीही नाही. फक्त हे क्षेत्र किती वेगाने फिरेल ते विजेची फ्रिक्वेन्सी ठरवते, म्हणजे सेकंदाला किती लाटा येतात ते. मोटरचा वेग विजेच्या कारखान्याला बांधलेला असतो.

पॅरिस, स्ट्रासबर्ग, न्यूयॉर्क

१८८२ मध्येच तो पॅरिसला एडिसनच्या युरोपातल्या कंपनीत गेला. १८८३ मध्ये कंपनीने त्याला एका बिघडलेल्या वीजकेंद्राच्या दुरुस्तीला स्ट्रासबर्गला पाठवलं. तिथे फावल्या वेळात त्याने आपल्या मोटरचं पहिलं मॉडेल बनवलं. चाललं छान, पण पैसे घालायला कोणी पुढे आलं नाही. तेव्हाची बहुतेक वीज दिव्यांसाठी होती आणि एडिसनची तर सगळी डीसी.

जून १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. खिशात ४ सेंट होते असं तो सांगायचा. एडिसनच्या कारखान्यात नोकरी मिळाली, पण सुमारे सहा महिन्यांत पैशावरून बिनसलं आणि त्याने ती सोडली.

अमेरिकेच्या बोर्डावर आजही १२० व्होल्ट का, याचं मूळ याच काळात आहे. एडिसनच्या दिव्याला साधारण १०० ते ११० व्होल्ट लागायचे. मग वायरिंग, मीटर, दिवे सगळं त्याच हिशोबाने पसरलं आणि नंतर बदलणं महाग होऊन बसलं. युरोप पुढे दुप्पट व्होल्टेजवर गेला, कारण तेवढीच वीज निम्म्या करंटमध्ये जाते आणि तांबं कमी लागतं. ब्रिटिशांच्या वाटेने आपण २३० वर आलो.

टेस्लाने पुढे भागीदारांबरोबर दिव्यांची कंपनी काढली. तिचं काम नीट झालं, पण पेटंट कंपनीच्या नावावर होती आणि भागीदारांनी त्यालाच बाहेर केलं. १८८६-८७ च्या त्या दिवसांत हा माणूस २ डॉलर रोजाने न्यूयॉर्कमध्ये खड्डे खणत होता.

पिट्सबर्गमध्ये मोटर अडली

१८८७ मध्ये दोन जणांनी पैसे घातले आणि त्याला प्रयोगशाळा मिळाली. मे १८८८ मध्ये मोटरची पेटंट हातात आली, त्याच महिन्यात इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याचं व्याख्यान झालं. जॉर्ज वेस्टिंगहाऊस हा एडिसनचा प्रतिस्पर्धी, एसी विकणारा. त्याने जुलैत हक्क घेतले. रोख रक्कम, शेअर आणि विकल्या जाणाऱ्या मोटरच्या दर हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर, असा करार झाला. टेस्ला मोटर घेऊन पिट्सबर्गला गेला.

आणि तिथे तेच झालं, जे परदेशात गेलेल्या मशीनचं होतं. वेस्टिंगहाऊसची वीज एसी होती, पण सेकंदाला १३३ लाटांची. दिव्यांना ते चालायचं. टेस्लाच्या मोटरला मात्र ६० च्या आसपास हवं होतं. साधी दोन पोलची मोटर १३३ हर्ट्झवर मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या मागे लागते. वेग खाली आणायला पोल वाढवावे लागतात, मग मोटर बोजड होते. वर, घरोघरी गेलेल्या तारा एकाच फेजच्या होत्या आणि या मोटरला किमान दोन हव्या होत्या.

कंपनीच्या इंजिनिअरांना मोटर विजेत बसवायची होती. टेस्लाला वाटत होतं की वीजच बदलायला हवी. जवळपास वर्षभर खटपट झाली, वाद झाले, आणि १८८९ मध्ये तो न्यूयॉर्कला परत गेला. कंपनी पुढे साधारण १८९० ला ६० हर्ट्झवर आली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. कॉइलमधून उडणाऱ्या विजेचे फोटो जास्त व्हायरल होतात, तो भाग वेगळा.

तिकडे जर्मनीत एईजी कंपनीचा मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की तीन फेजवर काम करत होता. त्या कंपनीने ५० हर्ट्झ धरलं आणि युरोपभर तेच पसरलं. जपानची गंमत पाहा. टोकियोने जनरेटर जर्मनीतून आणले, ओसाकाने अमेरिकेतून. म्हणून आजही जपानचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर आहे. तिथे जुनं वॉशिंग मशीन घेऊन शहर बदलायचं तरी आधी लेबल बघावं लागतं.

आता तुमची बॅग

आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. मोबाईल आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर विषय संपला. चार्जर आलेल्या एसीची आधी डीसी करतो, त्याला कुठलीच वीज परकी नाही. बॅटरीवाल्या ड्रिलचंही तसंच, फक्त तिच्या चार्जरवर काय लिहिलंय ते बघायचं.

मिक्सरमधल्या ब्रशवाल्या मोटरला फ्रिक्वेन्सीचं फारसं पडलेलं नसतं, तिला व्होल्टेज लागतं. १२० वर भारतीय मिक्सर रडत फिरेल आणि ओलं खोबरं घातलं की अडकेल. व्होल्टेज दुप्पट करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला तर चालेल. पण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला दीड हजार वॉटचा तरी हवा, आणि तो चांगला जड असतो. त्यापेक्षा भारतातच ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, निघण्याआधी तो घ्या.

घरघंटीचं दुखणं वेगळं. तिच्यात टेस्लाची मोटर. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सीला हातही लावत नाही. इथे मिनिटाला सुमारे १,४४० फेऱ्या घेणारी मोटर तिथे १,७०० च्या पुढे पळायला बघते. वेग वाढल्याने काम जास्त पडतं आणि ६० हर्ट्झवर तिचा जोर उलट कमी होतो. परिणाम म्हणजे मोटर तापते. पिट्सबर्गचा वाद तुमच्या किचनमध्ये सुरू! लेबलवर ५०/६० दोन्ही नसेल तर घरघंटी इथेच राहू दे.

उलट्या दिशेने येताना धोका जास्त. अमेरिकेतला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर नुसत्या ॲडॉप्टरवर आपल्या बोर्डात लावला, तर साडेतीन पटीहून जास्त उष्णता तयार होते. तो जळतोच, आणि जळताना तुमच्या हातात असतो. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. शिवाय स्वस्त ॲडॉप्टरमध्ये अर्थिंगची पिन पुढे जोडलेलीच नसते. धातूच्या बॉडीच्या वस्तूला असा ॲडॉप्टर कधीच लावू नका.

नायगारा आणि नंतर

१८९१ मध्ये टेस्ला अमेरिकेचा नागरिक झाला. १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाऊसच्या एसीने उजळलं. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. ती मात्र २५ हर्ट्झची होती, म्हणजे एकाच देशात आणखी एक वेगळा आकडा.

कराराप्रमाणे टेस्लाला प्रचंड पैसा मिळायला हवा होता. पण वेस्टिंगहाऊसची कंपनी अडचणीत आली आणि दर हॉर्सपॉवरचा हिशोब त्याने सोडून दिला. १८९७ मध्ये कंपनीने २,१६,००० डॉलर देऊन पेटंट कायमची घेतली. नंतर त्याने बिनतारी संदेश आणि विजेसाठी लाँग आयलंडवर मोठा मनोरा उभारायला घेतला. पैसे संपले, काम थांबलं, आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्याच वर्षी इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला पदक दिलं, तेही एडिसनच्या नावाचं.

म्हातारपण हॉटेलांच्या खोल्यांत, थकलेल्या बिलांत आणि कबुतरांना दाणे घालण्यात गेलं. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो वारला. वय ८६. १९५७ मध्ये त्याच्या अस्थी बेलग्रेडच्या संग्रहालयात नेल्या. तिथल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट ५० हर्ट्झ येतात, आपल्यासारखेच. पिना तेवढ्या वेगळ्या.