विश्लेषण : दुष्काळातून आलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी कसे सावरले?

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भात बुलढाणा जिल्हा मोडतो. १ जुलै २०२३ रोजी याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर मृतांचा आकडा सांगितला जातो, पंचनामा होतो, मदत जाहीर होते. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. या घावाला आज ‘ट्रॉमा’ म्हणजे मानसिक आघात म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रात कोणाच्या कानावरही नव्हता, तेव्हा पंडिता रमाबाईंनी आघातातून वाचलेल्या शेकडो मुलींना सांभाळले. त्यांचे आयुष्य त्यासाठी पुन्हा पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंनी स्वतः काय सोसले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगून गुजराण करी. रमाबाई सोळाव्या वर्षाच्या आसपास असताना दुष्काळ पडला. काही महिन्यांतच वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदेकरी व्हायचे ठरवले. उंची कमी असल्याने खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्या स्मशानापर्यंत चालल्या.

त्यानंतर त्या आणि भाऊ श्रीनिवास अनेक वर्षे पायी भटकत राहिले. उत्तरेत कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते. तेव्हा नदीकाठी खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

पुण्यात त्यांनी काय सुरू केले?

१८८२ मध्येच त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. विधवांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलचा संताप या दोघींच्याही कामात होता. पुढे रमाबाई इंग्लंडला आणि अमेरिकेला गेल्या. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले.

केडगावला नेमके काय घडले?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले आणि त्या थेट दुष्काळी भागात गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व निवाऱ्यांत एकट्या मुली सुरक्षित नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिले. देखरेख करणारेच अत्याचार करत होते आणि मुली पळवणारे दलाल फिरत होते. म्हणून मुलींना तिथून बाहेर काढणे हेच त्यांनी पहिले काम मानले.

पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे दौंडजवळच्या केडगावला, संस्थेच्या शेतावर या मुलींना ठेवावे लागले. तिथेच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली नव्या मुलींना सांभाळू लागल्या. आधी अन्न, औषध, आंघोळ, कपडे, मग शाळा, मग हाताला काम. विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धालय, छापखाना अशी कामे मुलींकडे आली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. दृष्टिहीन मुलींना ब्रेल शिकवली जाऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड आणि गुजरातही उद्ध्वस्त केले. गुजरातेतूनही मुली आल्या. १९०० पर्यंत केडगावात सुमारे दीड हजार जण राहत होते.

आजचे आघातोपचार काय सांगतात?

‘शेल शॉक’ ही संज्ञा १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातील सैनिकांवरील लेखातून वैद्यकशास्त्रात आली. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, आठवणी आणि शोक, मग माणसांशी पुन्हा नाते. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिकाही गरजा पाहा, ऐकून घ्या आणि मदतीशी जोडून द्या, असाच क्रम देते. काय घडले ते लगेच सांगायला भाग पाडू नये, असेही ती बजावते.

केडगावात हा क्रम अनुभवातून आला होता. भूक, भीती आणि एकटेपण यांत काय लागते, हे रमाबाईंना स्वतःवरून माहीत होते.

टीका कोणत्या मुद्द्यावर झाली?

धर्मांतराच्या. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या वादातून १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. केडगावचे काम तर उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेवर चालत होते. आज आपत्तीत मदत करणाऱ्याने स्वतःची श्रद्धा पीडितावर लादू नये, हा नियम आहे. त्या कसोटीवर केडगावचे मूल्यमापन वेगळे होईल, पण वाचलेल्या मुलींचे आयुष्य त्यामुळे नाकारता येत नाही.

मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

आपल्या गावात काय करता येईल?

दुःखी घरात पहिल्या दिवसांत जेवण, मुलांची शाळा, कर्जाची व मदतीची कागदपत्रे यांची जबाबदारी कोणीतरी घेतली, तर तो उपचाराचाच भाग असतो. प्रश्नांची सरबत्ती टाळावी. झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे किंवा मरणाचे विचार महिनाभरानंतरही थांबत नसतील, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. मरणाचे विचार तीव्र असतील, तर महिनाभर थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, आणि मराठीतही बोलता येते.