बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (जन्म : नागठाणे, सांगली जिल्हा, २६ जून १८८८, मृत्यू : पुणे, १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. त्या काळच्या प्रथेनुसार त्यांनी प्रामुख्याने स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या गायनाविषयी आणि भूमिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि त्यांचे चरित्र त्यांच्या रसिकांना वगळून सांगता येत नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या मागे दोन दशकांहून अधिक काळ जो चाहतावर्ग उभा राहिला, त्याने बालगंधर्वांना वैभव दिले, आणि पुढे त्यांच्या बदलाच्या वाटाही काही प्रमाणात अडवून धरल्या.

बालपण आणि किर्लोस्कर मंडळी

नारायणाचा आवाज लहानपणापासूनच लक्ष वेधून घेणारा होता. जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याला गाण्याचे आरंभीचे शिक्षण मिळाले. दहा वर्षांच्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, असे सर्वत्र सांगितले जाते. हे नाव पुढे असे रूढ झाले, की मूळ नाव केवळ कागदोपत्री उरले.

कोल्हापूरचे शाहू महाराज हे त्यांच्या आरंभीच्या चाहत्यांपैकी एक होते. नारायणाला ऐकू कमी येत असे. महाराजांनी त्याच्यावर मिरजेत उपचार करवले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी सुरू केलेल्या या मंडळीला त्या वेळी एका मोठ्या पोकळीने ग्रासले होते. स्त्रीभूमिकांचा आणि गाण्याचा बादशहा मानला गेलेला भाऊराव कोल्हटकर हा नट १९०१ मध्ये निवर्तला होता, आणि जुने प्रेक्षक प्रत्येक नव्या नटाला त्याच्याशी ताडून पाहत. शकुंतलेच्या भूमिकेत नारायणराव रंगमंचावर आले ते या तुलनेला तोंड देतच. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवल यांनी दिली. काही वर्षांतच तुलनेची दिशा उलटली. पुढच्या पिढीतील प्रत्येक स्त्रीभूमिका बालगंधर्वांच्या मापाने मोजली जाऊ लागली.

'मानापमान'चा पहिला प्रयोग

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या आणि भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. त्याच दिवशी त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीची तयारी होती. परंतु जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठवणे त्यांना मान्य झाले नाही, आणि ते भामिनी म्हणून उभे राहिले.

हा प्रसंग त्यांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. प्रेक्षक हे मायबाप आणि अन्नदाते आहेत ही त्यांची धारणा बोलण्यापुरती नव्हती. ती व्यवहारात उतरली तेव्हा घर, प्रकृती आणि पैसा या तिन्ही गोष्टी तिच्यामागे पडल्या. पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांची मुळे या एका दिवसात दिसतात.

गंधर्व नाटक मंडळी

किर्लोस्कर मंडळीचे चालक नानासाहेब जोगळेकर १९११ मध्ये वारले. त्यानंतर कारभारावरून मतभेद वाढले आणि जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'विद्याहरण' (१९१३), 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९), 'द्रौपदी' (१९२०) आणि 'कान्होपात्रा' (१९३१) ही या मंडळीची गाजलेली नाटके. 'स्वयंवर' आणि 'द्रौपदी' यांना भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. बखलेबुवा बालगंधर्वांचे गुरू होते. बुवांनी दिलेल्या रागदारीच्या चाली बालगंधर्वांनी सर्वसामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर नेल्या. ज्याने कधी गवयाची बैठक ऐकली नव्हती असा माणूसही रुक्मिणीची पदे ऐकून भीमपलास आणि यमन ओळखू लागला. मराठी समाजात शास्त्रोक्त संगीताचा कान तयार होण्यास गंधर्व मंडळीच्या प्रेक्षागृहांनी जेवढा हातभार लावला, तेवढा फार थोड्या गोष्टींनी लावला असेल.

मंडळीचा साथीदारांचा ताफाही असाच होता. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर कांबळे ही नावे प्रेक्षकांना नटांइतकीच परिचित होती. केवळ थिरकवाँचा ठेका ऐकण्यासाठी तिकीट काढणारे शौकीनही होते.

रसिक आणि त्यांची भक्ती

रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालणे ही गंधर्व मंडळीच्या प्रयोगांची नित्याची गोष्ट होती. याचे कारण वन्समोअर. एखादे पद आवडले की प्रेक्षागृहातून पुन्हा मागणी होई, बालगंधर्व ते पुन्हा म्हणत, आणि प्रत्येक खेपेस नव्या जागा घेऊन म्हणत. त्यामुळे एकच नाटक अनेकदा पाहणारा प्रेक्षक कंटाळत नसे. कालच्या प्रयोगात न आलेली हरकत आज येईल या आशेने तो पुन्हा येई. नाटकाचे कथानक मात्र तोवर थांबून राही. कथेच्या गतीला यामुळे बाधा येते, हा समीक्षकांचा आक्षेप खराच होता. पण त्या प्रेक्षकांना कथा आधीच पाठ होती. ते कथेसाठी आलेले नसत.

नाटकाचा मुक्काम गावात पडला की आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येत. शहरांतून रेल्वेने लोक जात. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी ही भक्ती घरोघर पोहोचवली. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि रंगभूमीवर अर्धा तास चालणारे पद त्यात आवळून बसवावे लागे. तरीही तबकडी ऐकून पद बसवणारे हौशी गायक गावोगाव तयार झाले.

स्त्रियांवरील त्यांचा प्रभाव हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. भामिनी, रुक्मिणी, रेवती यांचे पातळ नेसण्याचे वळण, पदर घेण्याची ढब, अंबाड्यावरील गजरा आणि दागिन्यांची निवड यांचे अनुकरण मध्यमवर्गीय घरांतून होऊ लागले. एक पुरुष नट कुलीन स्त्रीच्या सौंदर्याचा आदर्श ठरावा, यात तत्कालीन समाजाला विसंगत असे काही वाटले नाही. 'एकच प्याला'मधील सिंधूसाठी मात्र त्यांनी हे सगळे वैभव बाजूला ठेवले. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर जेमतेम महिनाभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. भरजरी पैठण्यांत पाहिलेला आपला आवडता नट ठिगळाच्या लुगड्यात पाहण्याची प्रेक्षकांची तयारी होईल का, अशी शंका होती. ती निराधार ठरली.

केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे चाहते हा या रसिकवर्गाचा प्रतिपक्ष. दोन्ही बाजूंचे वाद हिरिरीने चालत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळींनी मिळून मुंबईत संयुक्त 'मानापमान' केले. धैर्यधर केशवरावांचा आणि भामिनी बालगंधर्वांची. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे अकाली निधन झाले, आणि त्या रात्रीचे साक्षीदार असणे ही पुढे आयुष्यभर सांगण्याची गोष्ट ठरली.

चाहत्यांपैकी काही जण प्रेक्षागृहात बसून राहिले नाहीत. वसंत शांताराम देसाई मंडळीच्या जवळच्या वर्तुळात आले, त्यांनी 'विधिलिखित' आणि 'अमृतसिद्धी' ही नाटके लिहिली आणि पुढे बालगंधर्वांवर ग्रंथही लिहिला. त्यांच्या लेखनात भक्ताची ओढ आहे, आणि जवळून पाहिलेल्याचा परखडपणाही आहे.

कर्ज

प्रेक्षकांना उत्तम तेच द्यावयाचे, हा हट्ट खर्चिक होता. खरे जरतारी कपडे, उंची अत्तरे, नवे पडदे, मोठ्या पगाराचे साथीदार आणि पंगतींचा थाट यांवर उत्पन्न खर्च होई. 'द्रौपदी'साठी उभारलेल्या मयसभेच्या देखाव्याने या खर्चात मोठी भर घातली. टेंबे १९१५ च्या सुमारास मंडळीतून बाहेर पडले होते. बोडसही पुढे वेगळे झाले. १९२१ च्या सुमारास मंडळीवर लाखाहून अधिक रुपयांचे कर्ज असल्याचे उघड झाले. ते सर्वस्वी बालगंधर्वांनी केलेले नव्हते. तरीही त्यांनी ते स्वतःच्या शिरावर घेतले आणि पुढील काही वर्षे सतत प्रयोग करून फेडले. हे कर्ज फिटले ते रसिकांच्या तिकिटांच्या पैशांतून. ज्या थाटासाठी ते झाले होते तो थाट मात्र त्या काळातही कमी झाला नाही.

उतरता काळ

१९३१ मध्ये बोलपट आला आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा मराठी 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कमी पैशांत, तीन तासांत संपणारी करमणूक मिळू लागल्यावर पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक पांगू लागला. गंधर्व मंडळीचे काम थांबले, आणि बालगंधर्व प्रभातकडे गेले. 'धर्मात्मा' (१९३५) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेषातील बालगंधर्व पाहण्यास रसिक फारसे उत्सुक नव्हते, आणि समोर प्रेक्षक नसताना तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांनाही मानवले नाही. प्रभातशी संबंध त्या एकाच चित्रपटापुरता राहिला. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

याच सुमारास गोहर कर्नाटकी त्यांच्या जीवनात आल्या. विजापूर जिल्ह्यातील बिळगी गावच्या या गायिका पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी होत. बालगंधर्वांच्या गायकीच्या त्या निस्सीम चाहत्या होत्या. त्यांची पदे त्यांनी इतकी आत्मसात केली होती की अनेकांना दोन्ही आवाजांत साम्य जाणवे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या मंडळीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. जुन्या रसिकांना हे रुचले नाही. बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचे खापर अनेकांनी गोहरबाईंवर फोडले, आणि त्यात त्यांच्या धर्माविषयीचा व भाषेविषयीचा दुजाभावही मिसळला. हा दोषारोप न्याय्य म्हणता येत नाही. मंडळी त्या येण्यापूर्वीच मोडली होती, आणि बालगंधर्वांचे वय पन्नाशीला पोहोचले होते. प्रथम पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये निवर्तल्यानंतरच्या काळात, आणि पुढे पाय अधू होऊन हिंडणे-फिरणे बंद झाल्यावर, गोहरबाईंनीच त्यांचा सांभाळ केला. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. हजारो चाहत्यांपैकी शेवटपर्यंत खर्च सोसणारी ही एक चाहती होती, आणि रसिकांच्या आठवणींत तिच्याच वाट्याला सर्वांत कमी जागा आली.

उत्तरायुष्यात बालगंधर्व भजनांचे कार्यक्रम करीत. आवाज थकला होता, तरी जुने प्रेक्षक येत. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले.

गायकीचा वारसा

जयराम शिलेदार यांनी गंधर्व परंपरेतील नाटके पुढे चालू ठेवली. १९४९ मध्ये त्यांनी जयमाला शिलेदार यांच्यासह मराठी रंगभूमी ही संस्था काढली. वारशाचा वेगळा विचार कुमार गंधर्व यांनी केला. 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात त्यांनी नाट्यपदांची नक्कल न करता त्या गायकीची तत्त्वे स्वतःच्या गळ्यातून मांडली. हुबेहूब आवाज काढणाऱ्यांची सवय झालेल्या काही श्रोत्यांना ते पटायला वेळ लागला.

पुणे महानगरपालिकेने बांधलेल्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते झाले. पु. ल. देशपांडे यांचा या वास्तूच्या उभारणीत पुढाकार होता. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, रंगमंदिर खुले झाले; त्यापूर्वी अकरा महिने त्यांचे पुण्यातच निधन झाले होते.