जोसेफ व्हिटवर्थ
सर जोसेफ व्हिटवर्थ (२१ डिसेंबर, १८०३ – २२ जानेवारी, १८८७) हे इंग्लिश यंत्र अभियंता, संशोधक व उद्योजक होते. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण आणि अचूक मापनाची यंत्रे यांसाठी ते ओळखले जातात. रायफल व तिच्या गोळीची अचूकता तपासताना नेमाचे अंतर कसे निवडावे, या प्रश्नाचा त्यांनी प्रयोगांच्या आधारे विचार केला.

सुरुवातीचे जीवन
व्हिटवर्थ यांचा जन्म इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केल्यानंतर १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी कारखान्यागणिक आट्यांचे माप वेगळे असे. १८४१ मध्ये त्यांनी ५५ अंश कोनाच्या आट्यांची एकसमान पद्धत मांडली. इंचाचा दशलक्षावा भाग मोजणारे यंत्रही त्यांनी तयार केले.

रायफलीवरील प्रयोग
१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने एनफील्ड रायफलींच्या उत्पादनासाठी यंत्रे तयार करण्याबाबत त्यांना विचारणा केली. नळी व गोळी यांचे उत्तम स्वरूप आधी प्रयोगाने ठरवावे, असा आग्रह त्यांनी धरला.

यात अंतराची निवड महत्त्वाची होती. जवळच्या अंतरावर चांगल्या व सामान्य रायफलीतील फरक जेमतेम दिसतो. १०० यार्डांवर एक इंच चुकणारी गोळी ५०० यार्डांवर किमान पाच इंच चुकते. शिवाय दारूच्या वजनातील किंवा गोळीच्या वेगातील लहानसा फरक लांबवर गोळीच्या उंचीत उघड होतो. मात्र अंतर वाढले की वाऱ्याचा परिणामही वाढतो आणि दोष रायफलीचा की हवेचा, हे कळेनासे होते.

यावर उपाय म्हणून मँचेस्टरजवळ त्यांच्या निवासस्थानाच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड (सुमारे ४५७ मीटर) लांबीचे आच्छादित दालन बांधण्यात आले. वादळात ते कोसळल्याने पुन्हा उभारावे लागले. मार्च १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. दालनात ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. त्यांवरील छिद्रांवरून गोळीचा मार्ग आणि ती वाटेत डगमगते का, हे समजे.

या प्रयोगांतून ०.४५ इंच व्यासाची षट्कोनी नळी निश्चित झाली. एनफील्डच्या नळीचा पीळ ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करी, तर व्हिटवर्थ यांच्या नळीचा २० इंचांत. त्यामुळे लांबट गोळी दूरवर स्थिर राहू लागली.

हाइथ येथील चाचणी
एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची उघड्यावर तुलना झाली. ५०० यार्डांवर व्हिटवर्थ रायफलीचे सरासरी विचलन सुमारे साडेचार इंच, तर एनफील्डचे सव्वादोन फूट भरले. अंतर वाढत गेले तसा एनफील्डचा नेम अधिकच विस्कटला. याच एनफील्डच्या काडतुसांवरून त्या वर्षी भारतात असंतोष उसळला होता.

तरीही सैन्याने व्हिटवर्थ रायफल सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती आणि अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. अचूकतेच्या कसोटीवर सरस ठरलेले शस्त्र रणांगणावरील वापराच्या कसोटीत मागे पडले. १८६० मध्ये विंबल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने आधारावर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून ४०० यार्डांवर नेम साधला. गोळी केंद्रापासून दोन इंचांच्या आत लागली. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांनी ही रायफल वापरली.

उत्तरायुष्य व वारसा
१८६८ मध्ये व्हिटवर्थ यांनी तरुण अभियंत्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. मोंटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीसह भारतभर घरगुती नळजोडणीच्या लोखंडी पाइपांवर आजही व्हिटवर्थ यांच्या ५५ अंशी कोनाचे आटे पाडले जातात. हाताने भरलेल्या काडतुसांची पारख करणारे नेमबाजही आधी १०० यार्ड वा मीटरवर गोळ्यांचा पुंजका पाहतात आणि नंतर शांत हवेत लांबच्या अंतरावर निकाल पडताळतात.