बापूंची वाटीभर लापशी

दिवाळीच्या सुट्टीत लेक लातूरहून घरी आली ती चेहरा उतरवूनच. हॉस्टेलवर राहते, सकाळी सातचा क्लास, त्यामुळे न्याहारीला रोजची दांडी. तपासणीत रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सकाळी पोटात काहीतरी टाकल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, असा दम भरला. तिच्या मैत्रिणी म्हणे पाकिटातल्या ओट्सच्या वड्या खातात. सुकामेवा, मध असं काय काय असतं त्यात. एक वडी चार घासांत संपते आणि किंमत ऐकली तर आमच्या युसूफ वडगावात त्या पैशांत घरादाराला पुरतील एवढे शेंगदाणे येतील. तिला म्हटलं, घरीच करून देते. लेकीचं तोंड वाकडं. ओट्स म्हणजे साहेबांचं खाणं, ते चुलीवर कुठे होतंय, असा तिचा सूर.

मग मला आठवले गांधीजी. हसू नका. गांधीजी म्हटलं की आपल्याला चरखा आठवतो, पंचा आठवतो, नोटेवरचा चेहरा आठवतो. पण त्यांचं आत्मचरित्र वाचताना माझं लक्ष आपलं सगळं ताटाकडे. हा माणूस आयुष्यभर काय खात होता, काय सोडत होता आणि त्यापायी घरातल्या बाईला काय काय करावं लागत होतं, हे वाचताना मला स्वराज्याइतकंच नवल वाटतं. आणि ओट्सचं म्हणाल, तर हे साहेबांचं खाणं त्यांनी विलायतेत स्वतःच्या हातांनी शिजवलं होतं, तेही एका खोलीत, एका स्टोव्हवर.

४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास मुंबईहून बोटीत बसले तेव्हा एकोणीस वर्षांचेही झाले नव्हते. घरी बायको आणि तान्हं मूल. आई पुतळीबाईंनी मांस-मदिरेला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, मगच जायला होकार दिला. बोटीवर काटे-चमचे धरता येईनात, कशात मांस आहे नि कशात नाही हे विचारायचीही लाज. म्हणून हा मुलगा आपल्या खोलीतच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खात राहिला. परगावी शिकायला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई जे भरते तेच ते. त्या आईची नि त्याची पुन्हा भेट झाली नाही. तो शिकत असतानाच ती गेली आणि परत आल्यावरच त्याला ते कळलं.

लंडनात सुरुवातीला एका मित्राकडे राहिले. सकाळी ओट्सची लापशी मिळायची, तेवढ्यापुरतं पोट भरायचं. दुपारी नि रात्री मात्र पालक, पाव आणि मुरंबा. तरणं पोर, भूक दणदणीत, पण पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायचा संकोच. पुढे एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली. तिथं बिनमिठामसाल्याच्या उकडलेल्या भाज्या. त्या बाईंच्या दोन मुली प्रेमानं एखादा तुकडा जास्त वाढायच्या, पण याला तर अख्खा पाव लागला असता. हा भाग वाचताना मला दर वेळी हॉस्टेलवरची सगळी पोरं आठवतात. भूक असते आणि बोलायची चोरी असते.

मग हिंडता हिंडता शाकाहारी खाणावळ सापडली. पुस्तकं वाचली, तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही गेले. मोठा भाऊ पैसे पाठवतोय याची टोचणी लागली तेव्हा खर्चाची वही काढली, दोन खोल्यांची एक केली, बसगाडीचे पैसे वाचवायला रोज आठ-दहा मैल चालू लागले आणि एक स्टोव्ह घेतला. सकाळी त्यावर ओट्सची लापशी शिजवायची आणि कोकोसाठी पाणी उकळायचं. वीस मिनिटांत काम फत्ते. दुपारचं जेवण बाहेर, रात्री पुन्हा घरी पाव आणि कोको. दिवसाचं सगळं खाणं सव्वा शिलिंगात भागायचं. चैनीसाठी नाही, परवडतं म्हणून ओट्स. त्या देशात ते घोड्याचं आणि गरिबाचंही खाणं. आपल्याकडे चकचकीत पाकिटात आलं म्हणून मोठं झालं, एवढंच.

घरून येणारी मिठाई आणि मसाले हळूहळू बंद झाले आणि जिभेनंही हट्ट सोडला. चव जिभेत नसते, मनात असते, असं त्यांना तिथं पटलं. मला हे अर्धंच पटतं. माझ्या मनात कायम शेंगदाण्याच्या चटणीचीच चव असते, त्याला मी काय करू?

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले, इथं वकिली चालेना, १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. त्या वर्षीची आगगाडीतून उतरवल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, प्रिटोरियात त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. न शिजवलेल्या अन्नाचा. रात्री गहू, वाटाणे, तांदूळ भिजत घालायचे आणि सकाळी ते कच्चेच, वर मनुका, थोडा सुकामेवा नि संत्री घेऊन खायचे. सगळं चमच्यानं मोजून, रोजच्या रोज टिपून. आता हे ऐका. मॉलमध्ये ज्या पाकिटावर मुस्ली असं लिहिलेलं असतं, ती भिजवलेले ओट्स, सफरचंद आणि बदाम-अक्रोडाची न्याहारी स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या डॉ. बिर्शर-बेनर यांनी आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली ती १९०० च्या सुमारास. आपला माणूस काही वर्षं आधीच तसली वाटी घेऊन बसला होता! अर्थात यश आलं नाही. चावून चावून दात दुखले, अशक्तपणा आला, आणि साधारण दोन आठवड्यांत प्रयोग गुंडाळला. तसं त्यांनी स्वतः लिहून छापलंही. हे मला फार आवडतं. आपण हरलो हे सांगायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

पुढे जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी सात पौंडांचं लोखंडी जातं आणलं. बाजारच्या पिठात सत्त्व नाही म्हणून गहू घरी दळायचे. एकट्याला ते ओढत नसे, दोघं लागत. स्वतः गांधीजी, त्यांचे मित्र पोलक, मुलं, सगळे दळायला. कस्तुरबाही अधूनमधून हात लावायच्या, पण दळण्याची वेळ नि त्यांच्या स्वयंपाकाची वेळ एकच पडायची. जात्यावर बसलेला नवरा हे चित्र आपल्या आज्यांनी पाहिलं असतं तर जात्यावरच्या ओव्याच बदलल्या असत्या.

१९१० पासून टॉल्स्टॉय फार्मवर सत्याग्रहींची कुटुंबं एकत्र राहू लागली. तिथं लोण्याऐवजी शेंगदाणे भाजून, दळून त्याचं लोणी करत. ते दुधाच्या लोण्यापेक्षा चौपट स्वस्त पडे. संत्र्यांचा मुरंबा घरचा, कॉफीसुद्धा गहू भाजून केलेली. १९१२ मध्ये गांधीजी आणि कॅलनबॅक या मित्रानं दूध सोडलं. मग आहार काय, तर कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. चूल नाहीच. १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात आणखी एक व्रत घेतलं, दिवसभरात पाचच पदार्थ, आणि अंधार पडल्यावर काही नाही.

इथं मी थांबते, कारण इथूनच बा दिसायला लागतात. हे सगळं लिहिलं त्यांनी, पण रांधलं कुणी? मीठ सोडलं की स्वयंपाक बदलायचा, डाळ सोडली की बदलायचा, दूध सोडलं की पुन्हा नव्यानं मांडायचा. आपल्या घरात एखाद्या बाईनं उठून आजपासून मी जेवणाचे प्रयोग करणार असं जाहीर केलं तर काय होईल, सांगा बरं. तिच्यासाठी वेगळी वाटी कोण भिजत घालील?

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना गांधीजींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू एवढ्यावर आला होता. पोट बिघडलं. तशात सणाचा दिवस. बांना राहवलं नाही. त्यांनी गव्हाची गोड लापशी केली, नवऱ्याचं व्रत मोडू नये म्हणून तुपाऐवजी तेलात, आणि वाटीभर मूग. बांना बरं वाटावं म्हणून थोडं खायचं ठरवून बसले आणि पोटभर खाऊन उठले. तासाभरात हगवण सुरू. ती इतकी विकोपाला गेली की आपण वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं. हवापालटासाठी माथेरानला आणलं, तिथलं पाणी मानवलं नाही. मुंबईत डॉ. दलालांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. हे व्रतावर अडलेले. तेव्हा पलंगाशेजारी उभ्या असलेल्या बांनी विचारलं की व्रत तर गाई-म्हशीच्या दुधाचं घेतलं होतं, शेळीच्या दुधाला काय हरकत? १९१९ च्या सुरुवातीची ही गोष्ट. त्या दुधावर गांधीजी उठले, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं ती शेळी त्यांच्या नावाला चिकटली. व्रताचा अक्षरार्थ पाळला पण आत्मा मोडला, ही खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. माझं विचाराल तर बांचं एक वाक्य शंभर उपासांना भारी पडलं.

कच्च्या अन्नाचा नाद १९२९ मध्ये साबरमतीला पुन्हा एकदा करून सोडला. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, साखरेऐवजी गूळ, हे सगळं तिथं चाललं. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. प्रयोगांचा सूर आता वेगळा होता. मला काय पचतं यापेक्षा खेड्यातल्या माणसाला काय परवडतं हा हिशेब पुढे आला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कैदेत असताना आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. बैठं काम करणाऱ्याचा दिवसाचा आहार त्यात मांडलाय. दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, भाज्या, तूप, दीड औंस गूळ किंवा साखर, आणि फळं आपल्या आवडीप्रमाणे नि खिशाप्रमाणे. खिसा हा शब्द त्यांनी विसरू दिला नाही. आणि दुधाला पूर्णपणे पर्याय होईल असं वनस्पतींत आपल्याला सापडलं नाही, हेही कबूल केलं. त्याच महालात २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. ३० जानेवारी १९४८ ला बापू गेले.

हे सगळं मी लेकीला वड्या करता करता सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं असेल.

वड्या अशा केल्या. केजच्या दुकानातून साधे ओट्स आणले, चवीचे मसाला घातलेले नाहीत. दोन वाट्या ओट्स कढईत मंद आचेवर कोरडेच भाजले, खमंग वास येईपर्यंत, रंग फार बदलू द्यायचा नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांचं एक वाटी जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, मूठभर मनुका, आणि असले तर काजू-बदामाचे तुकडे. नसले तरी अडत नाही, शेंगदाणा आपला घरचा आहे. एक वाटी खजूर बिया काढून हातानंच कुस्करला. दोन चमचे तुपात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवला. थेंब पाण्यात टाकला की मऊ गोळी व्हायला हवी, चिक्कीसारखा कडकडीत पाक नको. त्यात आधी खजूर, मग बाकीचं सगळं. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं गच्च दाबलं आणि कोमट असतानाच सुरीनं कापलं. आठ-दहा दिवस डब्यात छान राहतात. मोजले तर सात-आठ पदार्थ झाले, बापूंच्या पाचांच्या व्रतात बसणार नाहीत.

ओट्स मिळाले नाहीत तर ज्वारीच्या लाह्या घ्या. नागपंचमीला आपण करतोच. मी दुसरा घाणा लाह्यांचाच केला आणि खरं सांगू, तोच जास्त खुसखुशीत झाला. शेजारची बाई ऊसतोडीला निघायच्या गडबडीत होती, तिलाही बांधून दिल्या. फडावर पहाटे भाकरी थापायला वेळ नसतो, तोंडात टाकायला काहीतरी असलं म्हणजे बरं.

लेकीला बजावलं आहे की गोळ्या चालूच ठेवायच्या. गुळाखजुरात लोह थोडंफार असतं, पण त्याच्या भरवशावर औषध बंद करायचं नाही, आणि वडीबरोबर चहा नाही, दूध किंवा पाणी. डबा पाठवला त्याला तीन आठवडे झाले. परवा फोन आला, डबा चार दिवसांतच संपला, खोलीतल्या तिघींनी मिळून. पुढच्या वेळी दुप्पट कर म्हणाली, आणि लाह्यांच्याच कर.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या घाण्याला माझं लक्ष गप्पांत राहिलं, पाक पुढे गेला आणि काही वड्या दगड झाल्या. तसं झालं तर टाकू नका. खलबत्त्यात जाडसर कुटा, गरम दुधात घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. झाली लापशी.