मुसी नदीचा पूर आणि विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. कृष्णराजसागर धरणाशीं तें कायमचें निगडित झालें आहे. परंतु पुरानें उद्ध्वस्त झालेल्या एका नगराचें रक्षण त्यांनीं कसें योजिलें, ही कथा थोडी मागें पडली आहे. तीच येथें सांगण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी हें त्यांचें जन्मग्राम. पितृछत्र लवकर हरपल्यामुळें शिकवण्या करून त्यांनीं विद्यार्जन केलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून 1883 सालीं ते स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेंत पहिले आले व पुढच्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नाशिक येथें रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे व मिटणारे त्यांचे दरवाजे 1903 सालीं बसले. पाणी किती अडवावें व केव्हां सोडावें, हा विचार त्यांच्या अंगीं महाराष्ट्रांत मुरला, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील.

सन 1908 च्या सप्टेंबरच्या 28 तारखेस मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहराची वाताहत झाली. सुमारें 15,000 माणसें प्राणांस मुकलीं. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारांत एका चिंचेच्या झाडावर चढून बसल्यामुळें सुमारें 150 जीव वांचले. निजाम सरकारचें बोलावणें आलें तेव्हां विश्वेश्वरय्या सरकारी नोकरी सोडून युरोपच्या प्रवासास गेले होते. 1909 च्या एप्रिलांत ते हैदराबादेस आले.

कांठीं उंच भिंती बांधाव्या, हा उपाय कोणासही प्रथम सुचला असता. त्यांनीं मात्र आधीं नदीच्या वरच्या अंगाचा प्रदेश तपासला. तेथें लहानमोठे 788 तलाव होते. त्यांपैकीं 221 फुटलेले आढळले. शमशाबादेस चोवीस तासांत 12.8 इंच पाऊस झाला होता. वरचा तलाव फुटे, त्याचें पाणी खालच्यावर कोसळे, तोही फुटे. आणि असें जमत आलेलें सारें पाणी एकदम शहरावर लोटलें. तेव्हां पाणी शहरांत शिरण्यापूर्वींच थोपवावें व नदीला सोसेल तेवढेंच हळूहळू सोडावें, असा त्यांचा निष्कर्ष झाला. त्यासाठीं मुसी व तिला मिळणारी ईसी या नद्यांवर दोन मोठे जलाशय त्यांनीं सुचविले. शहरासाठीं बंदिस्त गटारांची योजनाही त्यांनीं आंखून दिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले. जलाशयांचें प्रत्यक्ष काम पुढें नबाब अली नवाज जंग यांच्या हातून झालें; त्यांचें नांव सहसा कोणी घेत नाहीं, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. उस्मानसागर 1920 सालीं व हिमायतसागर 1927 सालीं पूर्ण झाला. शहराला पिण्याचें पाणीही त्यांतूनच मिळूं लागलें.

1955 सालीं विश्वेश्वरय्यांना 'भारतरत्न' ही पदवी मिळाली, व शंभरी ओलांडून 1962 च्या एप्रिलांत ते बंगलोर येथें दिवंगत झाले. त्यांच्या मागें हैदराबाद वाढत वाढत तलावांच्या पोटांत शिरलें. ओढे अरुंद झाले, कित्येक तलाव बुजवून त्यांवर घरें उठलीं. 2020 च्या ऑक्टोबरांत अतिवृष्टि झाली ती जलाशयांच्या खालीं, खुद्द शहरावर व त्याच्या उपनगरांवर. पल्ले चेरुवू नांवाच्या तलावाचा बांध त्या रात्रीं फुटला व पाणी खालच्या वस्त्यांतील घरांत शिरलें.