नाकाच्या ठशावरून गोरिला ओळखणाऱ्या डायन फॉसी

रवांडातील विरुंगा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, एका अमेरिकन महिलेने २४ सप्टेंबर १९६७ रोजी दोन तंबू ठोकले. एका अंगाला कारिसिम्बी, दुसऱ्या अंगाला विसोके. या दोन ज्वालामुखींच्या नावांचे तुकडे जोडून तिने त्या चिखलमय, धुक्याने वेढलेल्या जागेचे नाव ठेवले ‘कारिसोके’. मधले परदेशातील वास्तव्य वगळता, डायन फॉसी यांचे पुढची अठरा वर्षे हेच घर होते.

सॅन फ्रान्सिस्को येथे १६ जानेवारी १९३२ रोजी जन्मलेल्या फॉसी यांच्यापाशी तेव्हा प्राणिशास्त्राची पदवी नव्हती. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात त्या अपंग मुलांच्या रुग्णालयात उपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत. १९६३ मध्ये कर्ज काढून त्यांनी आफ्रिकेचा प्रवास केला. त्या प्रवासात मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांची भेट झाली आणि पुढे त्यांनीच गोरिलांच्या अभ्यासासाठी फॉसी यांची निवड केली. १९६७ च्या आरंभी काँगोच्या हद्दीत सुरू झालेले काम तेथील बंडाळीमुळे जुलैत बंद पडले आणि त्या रवांडात आल्या.

पर्वतीय गोरिला माणूस दिसताच झाडीत नाहीसे होत. फॉसी यांनी पाठलाग सोडून दिला. गुडघे व हात टेकून चालणे, रानटी वनस्पतींचे देठ चघळणे, अंग खाजवणे, तृप्त गोरिला काढतात तसा ढेकरासारखा खोल आवाज काढणे, अशी त्यांचीच नक्कल त्या करू लागल्या. महिन्यांमागून महिने गेले. १९७० मध्ये ‘पीनट्स’ नावाच्या नराने त्यांच्या हाताला स्वतःहून स्पर्श केला. गोरिलांच्या नाकावरील वळ्या व खाचा प्रत्येकात निराळ्या असतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी त्यांची रेखाटने केली. संध्याकाळी प्रत्येक प्रौढ गोरिला पानाफांद्यांचे नवे घरटे करतो. ती घरटी व त्यांतील विष्ठा पाहून टोळीतील लहानमोठ्यांची मोजदाद करता येई. या कामावर त्यांना केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळाली.

या नोंदींतून गोरिलांचा संसार उलगडला. चंदेरी पाठीचा एक प्रमुख नर, त्याच्या माद्या आणि पिल्ले अशी टोळी असते. वयात आलेली मादी बहुधा जन्माची टोळी सोडते आणि दोन पिल्लांमध्ये सुमारे चार वर्षांचे अंतर राहते. अशा मंद गतीने वाढणाऱ्या प्राण्यात एका नराचा मृत्यू हा एकाचाच मृत्यू ठरत नाही, हे फॉसी यांना पुढे आपल्या सर्वांत लाडक्या टोळीत पाहावे लागले.

बोटाला इजा झालेल्या ‘डिजिट’ला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. ३१ डिसेंबर १९७७ रोजी चोरट्या शिकाऱ्यांना अडवताना तो भाल्यांनी मारला गेला. त्याचे डोके आणि हात कापून नेण्यात आले. टोळीतील बाकीचे मात्र निसटले. जुलै १९७८ मध्ये टोळीचा प्रमुख ‘अंकल बर्ट’ आणि ‘माचो’ ही मादी गोळ्यांना बळी पडली. माचोचे जखमी पिल्लूही तीन महिन्यांनी दगावले. खरा विध्वंस त्यानंतरचा. टोळीला अनुभवी नायक उरला नाही आणि डिजिटच्या मृत्यूनंतर जन्मलेले त्याचे पिल्लू टोळीतल्याच तरुण नराने मारले. आईचे दूध पिणारे पिल्लू गेले की मादी पुन्हा लवकर माजावर येते. नव्या नराच्या या वर्तनाचे कारण त्यात आहे. शिकाऱ्यांची हत्यारे केव्हाच थंडावली होती, टोळी मात्र विस्कटत राहिली.

या घटनांनी फॉसी बदलल्या. ‘डिजिट निधी’ उभारून त्यांनी गस्तीची पथके नेमली आणि फासे उखडून काढले. फासे खरे तर लहान कुरंगांसाठी लावलेले असत, पण गोरिलाही त्यांत अडकून हातपाय गमावत. पकडलेल्या शिकाऱ्यांना मारहाण करणे, त्यांची चीजवस्तू जाळणे इथपर्यंत हा संघर्ष गेला. मुखवटे घालून त्यांना घाबरवण्याचाही प्रयोग झाला. हिंदीत ‘डायन’ म्हणजे चेटकीण, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा! भोवतालच्या दाट वस्तीतील गरिबीला त्यांच्या विचारात पुरेसे स्थान नव्हते, हा आक्षेप योग्य आहे. पण उद्यानाची मोठी जमीन पायरेथ्रमच्या लागवडीसाठी युरोपीय पैशाने काढून घेतली गेली, याचा दोष त्या शिकाऱ्यांवर लादता येत नाही.

१९७९ पासून सुरू झालेल्या गोरिला पर्यटनाला फॉसी यांचा विरोध होता. या एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. मर्यादित संख्येने येणाऱ्या पर्यटकांच्या शुल्काने रवांडाला गोरिला जिवंत ठेवणे परवडू लागले. अर्थात पर्यटकांना जवळ येऊ देणारे गोरिला मुळात माणसाला सरावलेले असावे लागतात, आणि ती वाट फॉसी यांनीच पाडली होती.

२७ डिसेंबर १९८५ च्या सकाळी कारिसोकेतील झोपडीत त्या मृतावस्थेत आढळल्या. कोयत्याने वार झाले होते. वय ५३. एका अमेरिकन संशोधकाला रवांडाच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले, तरी त्या निकालाविषयीच्या शंका मिटलेल्या नाहीत. त्यांचे दफन त्यांनीच केलेल्या गोरिलांच्या दफनभूमीत, डिजिटच्या शेजारी झाले.

विरुंगात १९६० च्या सुमारास साडेचारशे गोरिला असावेत असा अंदाज होता. १९८१ च्या गणनेत ते अडीचशेच्या घरात आले. २०१५-१६ मध्ये ६०४ मोजले गेले. तेथील माग काढणारे आजही नाकाच्या ठशांवरूनच त्यांची ओळख पटवतात.